जुने सोने आणि रोख रुपया

बडोदे शहराच्या उत्तरेस छाणी नावाचे एक जुने गाव आहे. शहर वाढत वाढत त्या गावास जाऊन भिडले, तथापि गावाची जुनी ओळख पुसली गेलेली नाही. जैन समाजात छाणीचा लौकिक मोठा आहे. तेथील अनेक स्त्री-पुरुषांनी दीक्षा घेतल्यामुळे त्या गावास दीक्षेची खाण असे म्हणतात. प्राच्यविद्येच्या अभ्यासकांना छाणी ठाऊक आहे ती तेथील ग्रंथभांडारामुळे. त्या भांडारातील ओघनिर्युक्तीची ताडपत्री पोथी विक्रम संवत १२१८ म्हणजे इ. स. ११६१ मधील असून तिच्यातील विद्यादेवींची चित्रे पश्चिम भारताच्या प्राचीन चित्रकलेत मानाचे स्थान पावली आहेत. सामान्य बडोदेकराच्या तोंडी मात्र छाणीचे नाव येते ते छाणी जकात नाक्यामुळे. गुजरातेतील महानगरपालिकांची जकात २००७ साली उठली. नाक्यावरचा अडसर गेला, परंतु चौकाचे नाव राहिले.

जकात नाक्याच्या काळी सरकार मालाची गाडी रस्त्यावर अडवून आत काय आहे ते पाहत असे. आता गाडी अडत नाही. सरकारची नजर मालावरून निघून मालाच्या मोबदल्यात हातोहात जाणाऱ्या रोकडीवर स्थिर झाली आहे. जुनी वस्तू विकणाऱ्या गृहस्थास याचा अनुभव सर्वांत आधी येतो. घरातला एखादा जुना दागिना घेऊन तो सराफाकडे गेला, की सराफ वजन करतो, कस पाहतो, घट धरतो आणि शेवटी सांगतो की दहा हजारांवर रोख देता येणार नाही, बाकीची रक्कम बँकेत घ्या. हा निर्बंध आला कोठून, त्याचा हेतू कोणता आणि त्याचा भार नेमका कोणावर पडतो, याचा थोडा विचार आम्ही येथे वाचकांपुढे मांडू इच्छितो.

जुन्या वस्तूंच्या विक्रीवर राजसत्तेने लक्ष ठेवावे ही कल्पना नवीन नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात तिचा स्पष्ट उल्लेख केला आहे. जुन्या वस्तूंना तो पुराणभांड म्हणतो. अशा वस्तू बाजारात गहाण ठेवावयाच्या किंवा विकावयाच्या असतील, तर त्या आपल्या मालकीच्या आहेत हे ज्याने सिद्ध केले असेल त्यालाच संस्थाध्यक्षाने तशी मुभा द्यावी, असा त्या विधानाचा आशय आहे. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ शामशास्त्री यांनी १९०९ साली म्हैसुरास प्रसिद्ध केला, तो दक्षिणेकडील हस्तलिखितांच्या आधारे. उत्तरेकडील परंपरेचा एक खंडित भाग पुढे पाटणच्या जैन भांडारात सापडला. हे पाटण पूर्वीच्या बडोदे संस्थानातलेच. मुनी जिनविजयजींनी तो भाग १९५९ साली छापला आणि प्रा. रा. पं. कंगले यांनी आपल्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्याचा उपयोग केला. गुजरातच्या भांडारांनी ताडपत्रे जपली म्हणून जुन्या शास्त्राचा पाठ अधिक शुद्ध झाला, हे ऋण आपण विसरू नये.

धर्मशास्त्रकारांनी या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. व्यवहाराच्या अठरा पदांत अस्वामिविक्रय असे एक स्वतंत्र पद आहे. मालक नसलेल्या माणसाने वस्तू विकली तर काय करावे, हा त्याचा विषय. भर बाजारात, चार माणसांदेखत, योग्य किंमत देऊन घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार मनूच्या मते दंडास पात्र नाही. याज्ञवल्क्याने संशयाची लक्षणे मोजून दिली आहेत: गुपचूप केलेली खरेदी, अवेळी केलेली खरेदी, फार थोड्या किमतीत केलेली खरेदी, आणि ज्याच्यापाशी ती वस्तू असण्याचा संभव नाही अशा माणसाकडून केलेली खरेदी. अशा रीतीने घेणारा स्वतः चोराच्या पंक्तीस बसतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे स्वतः वकील होते. धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात त्यांनी या पदाचा जो परामर्श घेतला आहे, तो आजच्या विधिज्ञानेही वाचावा असा आहे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या प्रदेशांत ज्या नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख प्रमाण मानला गेला, त्यांनीही हा विषय याच परंपरेत हाताळला. तात्पर्य, बडोद्याचा गुजराती व्यापारी आणि कोकणातला आमचा गृहस्थ यांच्या व्यवहाराची कसोटी पूर्वापार एकच होती. खरेदी उजेडात झाली की अंधारात, एवढेच ती विचारीत असे.

या साऱ्या विवेचनात मोबदला नाण्यांत दिला की अन्य रूपाने, हा प्रश्न कोठेही नाही. वस्तू कोणाची, एवढेच शास्त्रास हवे होते. इंग्रजी अमदानीतही ही स्थिती बदलली नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विकणाराचा हक्क जेवढा, तेवढाच साधारणतः घेणारास मिळतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय दंडसंहितेत गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेतही तो गुन्हाच आहे. रोकडीवर या कायद्यांचा रोख नव्हता.

रोकडीचा प्रश्न जगात इतरत्र जुन्या वस्तूंच्या बाजारातूनच पुढे आला. विलायतेत तांब्याच्या तारा आणि चर्चच्या छपरांवरील शिशाचे पत्रे चोरून भंगारवाल्यास विकण्याचा इतका सुळसुळाट झाला, की डिसेंबर २०१२ पासून भंगार धातूची खरेदी रोखीने करण्यास तेथे कायद्याने मनाई झाली. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने २०११ साली असाच कायदा करून जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांस रोख पैसे देण्यास बंदी केली. देवळातील घंटा किंवा समई चोरीस जाऊन मोडीच्या भावाने वितळविली जाण्याचे दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांना चर्चच्या छपराची ही कथा परकी वाटू नये. या दोन्ही देशांत रोकडीवरील निर्बंध चोरीच्या बंदोबस्तासाठी आला, म्हणजेच कौटिल्याच्या हेतूने आला.

आपल्याकडे तो निराळ्या वाटेने आला. ती वाट सोन्याची आणि करवसुलीची. ९ जानेवारी १९६३ रोजी, चीनच्या आक्रमणानंतरच्या आणीबाणीत, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रणाचे नियम जाहीर केले. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि दागिन्यांखेरीजचे सोने जाहीर करण्याचा हुकूम निघाला. गोव्याच्या मुक्ततेस तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. देशभरातील सोनारांच्या भट्ट्या विझल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची कला हातात असलेल्या कुटुंबांवर उपासमारीची पाळी आली आणि कित्येकांनी जीव दिला. चौदा कॅरटची अट १९६६ साली उठली. नियंत्रण मात्र १९६८ च्या कायद्याने कायम झाले आणि तो कायदा १९९० पर्यंत टिकला. त्या काळात जुना दागिना मोडीत घेणाऱ्या सराफास त्याची नोंद ठेवावी लागे. सरकारचे लक्ष तोवर धातूवर होते.

त्याच १९६८ साली, मोरारजीभाईच पुन्हा अर्थमंत्री असताना, आयकर कायद्यात कलम ४० अ चे तिसरे उपकलम आले. व्यापाऱ्याने अडीच हजारांवरील खर्च रेखांकित धनादेशाने किंवा बँकेच्या हुंडीने केला नाही, तर तो खर्च त्याच्या नफ्यातून वजा धरला जाणार नाही, असे त्यात ठरले. एप्रिल १९६९ पासून ते लागू झाले. शब्दशः पाहता ही बंदी नव्हे. परंतु खरेदीची किंमत वजा होत नसेल तर सारी रक्कम नफा समजून तीवर कर भरावा लागतो, आणि तसे करून कोणता व्यापारी टिकेल? या कलमाच्या वैधतेस आव्हान दिले गेले, तेव्हा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. देणे खरे आहे की बेहिशेबी पैशातले, हे पडताळता यावे हा कलमाचा उद्देश असून प्रामाणिक व्यापार अडविण्याचा नव्हे, असा न्यायालयाचा अभिप्राय होता.

पुढे ही मर्यादा दहा हजारांवर, मग वीस हजारांवर गेली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि नंतरच्या अर्थसंकल्पाने ती पुन्हा दहा हजारांवर आणली. त्याच वेळी कलम २६९ एसटी नव्याने घातले गेले. त्यानुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. स्वीकारल्यास तेवढाच दंड बसतो आणि तो घेणाऱ्यावर बसतो, हे ध्यानात ठेवावे. जुना दागिना किंवा जुनी मोटार विकणारा गृहस्थ येथे घेणारा ठरतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत करून १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली, तथापि या दोन्ही मर्यादा त्यातही राखण्यात आल्या आहेत.

येथवर इतिहास झाला. आता आकड्यांकडे वळू. १९६९ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव पावणेदोनशे रुपयांच्या आसपास होता. अडीच हजारांत तेव्हा सुमारे बारा तोळे सोने येई. म्हणजे सामान्य घरातील बाईचे सारे दागिने मोडीत निघाले तरी सराफ ते रोखीने घेऊ शके. २०१७ साली भाव एकोणतीस हजारांच्या आसपास होता. दहा हजारांत साडेतीन मासे सोने बसे. २०२५ साली भावाने लाखाची मर्यादा ओलांडली आणि दहा हजारांची किंमत जेमतेम एक मासा उरली. तोळ्याचे मासे बारा. बारा तोळ्यांवरून एका माशावर येणे म्हणजे मर्यादा सुमारे एकशे चव्वेचाळीस पटींनी आकसणे होय. आकडा कागदावर अडीच हजारांवरून दहा हजार झालेला दिसतो. प्रत्यक्षात तो नाहीसा होत चालला आहे. ही आकसणी संसदेने चर्चा करून ठरविलेली नाही. भाव वाढत गेला आणि आकडा जागच्या जागी राहिला, एवढेच झाले.

आता छाणीतील एका वृद्ध विधवेचे उदाहरण कल्पून पाहू. तिच्या हातात एक तोळ्याची पाटली आहे. सासूने लग्नात घातलेली. पावती नाही, घडविणारा सोनार हयात नाही. औषधपाण्यासाठी ती पाटली मोडावयास निघाली, तर तिला मिळणाऱ्या रकमेचा नऊदशांशाहून अधिक भाग बँकेतूनच यावयास हवा. बँक तिला अपरिचित नाही. बडोद्याची बँक सयाजीराव महाराजांनी १९०८ साली स्थापिली आणि २०१४ च्या जनधन योजनेनंतर गरिबाघरीही खाते पोचले. परंतु ते खाते पुष्कळदा मुलाच्या जोडीने असते आणि त्याचा कारभार मुलाच्या भ्रमणध्वनीवरून चालतो. पाटली तिच्या हातात होती तोवर ती तिची होती. तिचे पैसे झाले की ते घरच्या खात्यात जातात, आणि त्यातून औषध आणावयाचे की मुलाच्या दुकानाचा हप्ता भरावयाचा, हे दुसरे कोणी ठरविते. स्त्रीधनावर स्त्रीची निरपवाद मालकी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात निःसंदिग्ध सांगितले. त्या मालकीस दुकानाच्या दारात अशी गळती लागते.

याच नियमांतील अपवाद पाहिले म्हणजे विसंगती अधिक डोळ्यांत भरते. १९६२ च्या आयकर नियमावलीतील नियम ६ डीडी या संदर्भात महत्त्वाचा ठरला. शेतकऱ्याने पिकविलेला माल, दूध, मासळी, हातमेहनतीच्या कुटीरोद्योगात बनविलेली वस्तू ही उत्पादकाकडून मर्यादेबाहेर रोखीने घेण्यास त्याने मुभा दिली. हेतू उघड आहे: ज्याच्यापाशी व्यापारी हिशेब नसतो त्यास त्रास होऊ नये. मग घरातील जुनी वस्तू विकणाऱ्या बाईपाशी कोणता व्यापारी हिशेब असतो? कुंभाराच्या नव्या मडक्यास सवलत, विधवेच्या जुन्या पाटलीस नाही. दुसरा अपवाद तर याहून बोलका आहे. देणे-घेणे परस्पर वळते होत असेल तर रोकडीचा प्रश्न उद्भवत नाही. त्यामुळे जुना हार मोडीत देऊन नवा घेणाऱ्या संपन्न बाईस कोणतीच अडचण पडत नाही. अडचण पडते ती जिला दागिना नको, पैसे हवेत, तिला.

उलट बाजूने सरकारचीच एक जुनी सूचना आहे. ११ मे १९९४ रोजी प्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांस कळविले, की झडतीत विवाहित स्त्रीचे पाचशे ग्रॅमपर्यंतचे, अविवाहित स्त्रीचे अडीचशे ग्रॅमपर्यंतचे आणि पुरुषाचे शंभर ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. आपल्या समाजात बाईच्या अंगावर पावतीवाचून सोने असणे स्वाभाविक आहे, हे सरकारने येथे मान्य केले. पाचशे ग्रॅम म्हणजे सुमारे त्रेचाळीस तोळे. झडतीच्या वेळी त्रेचाळीस तोळ्यांपर्यंत विश्वास, आणि रोख विक्रीच्या वेळी एका माशापर्यंत! एकाच खात्याच्या दोन वागणुकींत इतके अंतर असू नये.

निर्बंधाच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे, तेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. बँकेतून आलेल्या पैशाचा माग राहतो. धूर्त पुतण्याने काकूची पाटली परस्पर विकली तर त्याचे नाव सापडते. रोख रक्कम घेऊन निघालेल्या म्हातारीस वाटेत लुबाडले जाण्याचे भय राहत नाही. खोटी बिले करून काळा पैसा सोन्यात मुरविणे कठीण होते. याज्ञवल्क्याने जी खरेदी उजेडात हवी म्हणून सांगितली, तिला हा माग पुष्कळ अंशी पोषकच आहे. परंतु बँकेचा माग पैशाचा असतो, वस्तूचा नसतो. चोरालाही खाते उघडता येते, आणि धनादेशाने विकली म्हणून चोरीची पाटली त्याची होत नाही. शिवाय मर्यादा इतकी आकसली की माणसे वाटा शोधतात. एकच दागिना तीन नावांवर आणि चार दिवसांत फोडून दाखविला जातो. ज्या अंधारास दूर करण्यासाठी नियम केला, तो अंधार नियमामुळेच वाढतो.

आमच्या मते उपाय फार अवघड नाही. पहिली गोष्ट, मर्यादेचा आकडा ठराविक वर्षांनी भावाशी ताडून पाहिला जावा. दुसरी, व्यापारी नसलेल्या व्यक्तीने स्वतःच्या घरातील जुनी वस्तू विकली असता, तिची ओळख, सहीनिशी निवेदन आणि वस्तूचे छायाचित्र सराफाने नोंदवहीत ठेवल्यास, वर्षातून एकदा दोन-तीन तोळ्यांपर्यंत रोख देण्यास उत्पादकाप्रमाणेच सवलत मिळावी. अशा नोंदीने वस्तू कोणाची हा कौटिल्याचा प्रश्न आणि पैसा कोठे गेला हा आयकर खात्याचा प्रश्न, दोहोंची उत्तरे एकाच पानावर मिळतील.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल; तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. आपल्याकडे लग्नात याद करण्याची चाल होती. कोणी काय घातले, किती तोळ्यांचे, हे दोन्ही घरांच्या सह्यांनी लिहिले जाई. पुढे तिला हुंड्याचा वास लागला म्हणून ती मागे पडली, ते योग्यच झाले. परंतु मुलीच्या अंगावरील सोन्याची नोंद, तिच्याच नावाने आणि तिच्याच ताब्यात राहील अशी, अवश्य करावी. आणि घरातील प्रत्येक बाईचे निदान एक खाते केवळ तिचे असावे. देवस्थानांच्या विश्वस्तांनी आणि महाजनांनीही हेच धोरण ठेवावे. देवाच्या भांडारातील मोडक्या समया, जुनी तपेली आणि झिजलेले चांदीचे पत्रे विकावयाचे असतील, तर आधी यादी लावावी, वजन सर्वांदेखत करावे, लिलाव उघड करावा आणि पैसे देवस्थानच्या खात्यात घ्यावेत.

छाणीच्या त्या पोथीवर तिचा काळ नोंदलेला आहे, म्हणून साडेआठशेहून अधिक वर्षांनंतरही तिचे वय कोणास विचारावे लागत नाही. घरोघरीच्या पाटल्यांना असे काळाचे पान नसते. ते लिहून ठेवणे हे आपले काम आहे, आणि लिहिलेले मान्य करणे हे सरकारचे.